जुन्या घरातली तेलावर चालणारी रेंज ठेवावी की काढून टाकावी?

तुम्ही विचारलंय की आयर्लंडमध्ये रॉसकॉमनजवळ जुनं घर पसंत पडलंय, स्वयंपाकघरात तेलावर चालणारी ओतीव लोखंडाची रेंज, म्हणजे स्वयंपाकही करणारी आणि घरही तापवणारी मोठी चूल, आहे आणि घरातले सगळे रेडिएटर तिच्यावरच आहेत. ती ठेवावी, की काढून बाहेर साधा बॉयलर आणि आत इंडक्शन घ्यावं? ठेवलीच तर चालवायची कशी, आणि आपला स्वयंपाक तिच्यावर होतो का?

ठेवा. आम्ही २०१८ मध्ये मेयोमध्ये असंच घर घेतलं आणि ही रेंज काढायची की नाही यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे मुलांच्या शाळेवरूनही झाले नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बर्नर कोणता आहे ते बघा. लहानपणी सांगलीला आमच्याकडे रॉकेलचे दोन स्टो होते, एक वातीचा आणि एक पंपाचा. इथेही हेच दोन प्रकार आहेत, आणि इथलं हीटिंग ऑइल म्हणजे रॉकेलच. पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं तेव्हा रेशन दुकानाच्या रांगेचाच वास आला. जुन्या रेंजमध्ये बहुधा वातीचा बर्नर असतो. ओतीव लोखंडाच्या पसरट भांड्यात गोल खाचा, खाचांत वाती आणि वर एकात एक बसणारी, भोकं पाडलेली पत्र्याची कडी. टाकी उंचावर असल्यामुळे तेल आपसूक उतरतं, तापून त्याची वाफ होते आणि कड्यांच्या मधोमध निळी ज्योत शांतपणे जळत राहते. दुसरा प्रकार प्रेशर जेट, म्हणजे आपला पंपाचा स्टो. फक्त हवा मारायचं काम विजेचा पंप करतो, साधारण ७ बार दाबाने तेल बारीक नोझलमधून उडवतो आणि ठिणगीने पेटवतो. हा कमी तेल खातो, टायमरवर चालतो, पण आवाज करतो आणि वीज गेली की ठप्प होतो.

आमची रेंज वातीची. वॉटरफर्डला बनलेली स्टॅन्ली, दोन ओव्हन, वर एक लांबलचक हॉटप्लेट, मागे बॉयलर. नवऱ्याच्या मते ते भंगार होतं. म्हणून घर ताब्यात आल्यावर त्याने 'हीटिंग आधुनिक करायला' एक फिटर बोलावला. त्याने नवं थर्मोस्टॅट लावलं, रेडिएटरना तापमानाचे व्हॉल्व्ह बसवले, इथवर ठीक होतं. मग तो बॉयलरमधून वर जाणाऱ्या जाड पाइपकडे वळला. हा २८ मिलिमीटरचा पाइप पंपाशिवाय, नुसत्या गरम पाणी वर चढण्याच्या जोरावर, गरम पाण्याच्या टाकीकडे आणि न्हाणीघरातल्या एका रेडिएटरकडे जातो. त्या रेडिएटरला नळच नव्हता, तो बंद करताच येत नसे, उन्हाळ्यातही गरम. फिटर म्हणाला, ही उष्णता फुकट जाते. त्याने त्या पाइपवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवायला घेतला, म्हणजे टाकीतलं पाणी ६० अंशांवर गेलं की वाट बंद.

मी विचारलं, "हा पाइप बंद झाल्यावर रेंजच्या बॉयलरमधली उष्णता कुठे जाईल?" प्रश्न मी विचारला, उत्तर त्याने नवऱ्याला दिलं. काळजी करू नका, हीच आजची पद्धत आहे. नवऱ्याने मान डोलावली. मला रात्री म्हणाला, "त्याचा हा धंदा आहे, तुला काय कळतं त्यातलं?" हे वाक्य मी विसरलेले नाही.

२ सप्टेंबर २०१९, गणेश चतुर्थी. बाहेर हवा उबदार, हीटिंग बंद, नवरा कामावर. मोदकांच्या वाफेला जोरकस आच लागते आणि वातीची रेंज तापायला दीड तास घेते, म्हणून सकाळी आठलाच मी नॉब पूर्ण वर केला. उकड काढली, पाऱ्या करत बसले. अकराच्या सुमाराला पहिली खेप मोदकपात्रात चढली आणि रेंजच्या मागून आवाज यायला लागला. आधी किटलीसारखी घरघर, मग पाइपावर कोणी हातोडा मारतंय असे ठोके. भिंत थरथरत होती. छताच्या वर माळ्यावर पाणी ओतल्यासारखा आवाज. शिडी लावून डोकं वर काढलं तर समोर काही दिसेना इतकी वाफ. जास्तीचं पाणी आणि वाफ सोडणाऱ्या व्हेंटच्या पाइपमधून उकळतं पाणी उसळून छोट्या प्लास्टिकच्या टाकीत पडत होतं आणि टाकीची बाजू हाताने दाबल्यासारखी बाहेर फुगली होती. खाली धाकटा चटईवर खेळत होता.

त्याला उचलून बाहेर अंगणात ठेवला. तेलाचा नॉब बंद केला, पण वातीचा बर्नर बंद केला म्हणून लगेच विझत नाही, भांड्यात उरलेलं तेल जळून संपायला वेळ लागतो. मग सुचलं की पंप सुरू केला तर पाणी रेडिएटरमध्ये जाईल. थर्मोस्टॅट पूर्ण वर केलं, पंप घुमला, पण उन्हाळा म्हणून आम्ही सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंद करून ठेवलेले. एकेका खोलीत पळत जाऊन आठही उघडले. शेवटी त्या फिटरने बसवलेल्या व्हॉल्व्हकडे आले. त्याच्या डोक्याला बाजूला एक छोटी कळ असते, ती हाताने सरकवून अडकवली की व्हॉल्व्ह उघडा राहतो. ती सरकवली. हाताखाली तो जाड पाइप आधी कोमट, मग गरम, मग हात ठेवता येईना इतका तापत गेला, आणि ठोके एकेक करत थांबले. मोदक अकरा झाले होते. त्या वर्षी बाप्पांना अकराच मिळाले.

कारण अगदी सोपं आहे. साधा बॉयलर काम झालं की बंद होतो. एका बर्नरची वातीची रेंज बंद होत नाही, मंद होते, आणि स्वयंपाकासाठी तुम्ही ती वाढवता तेव्हा मागचा बॉयलरही तापणारच, तुम्हाला गरम पाणी हवं असो वा नसो. ती उष्णता सांडायला कायम उघडी वाट लागते. न्हाणीघरातला तो बिननळाचा रेडिएटर म्हणजे ती वाट. इथे त्याला हीट लीक म्हणतात. ज्याला ही एवढी गोष्ट कळत नाही त्याने रेंजला हात लावू नये, मग त्याच्या गाडीवर काहीही रंगवलेलं असो.

शेजारच्या गावातले एक वयस्कर फिटर आले. त्यांनी पाइपला वरपासून खालपर्यंत हात लावला, व्हॉल्व्हकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा कोणी बसवला?" मला विचारलं, नवऱ्याला नाही. व्हॉल्व्ह काढला, माळ्यावरची फुगलेली टाकी बदलली, न्हाणीघरातला रेडिएटर पहिल्यासारखा केला. शिवाय मला समोर बसवून बर्नर साफ करायला शिकवलं. कडी काढायची, भांड्यातला काजळीचा थर खरवडायचा, तेल येतं ते तोंड मोकळं करायचं, वाती कडक झाल्या असतील तर बदलायच्या. आई स्टोला पिन मारायची तेव्हा मी शेजारी बसून बघायचे, हात आपोआप चालले. तेव्हापासून वर्षातून दोनदा हे मी करते. टाकी, तेलाची लाइन, चिमणी मात्र नोंदणीकृत माणसाकडून वर्षाला एकदा तपासून घेते.

या प्रकारची रेंज मुळात स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे बघून तयार झाली, हेही सांगावंसं वाटतं. गुस्ताफ दालेन हे स्वीडनचे संशोधक. १९१२ साली स्फोटात त्यांची दृष्टी गेली, त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी असताना बायको चुलीशी किती दमते हे त्यांना जाणवलं आणि १९२२ मध्ये त्यांनी आगा कुकर आणला, असं सांगतात. पाणीही तापवणारी रेबर्न नावाची रेंज ब्रिटनमध्ये १९४६ ची. दृष्टी गेलेल्या माणसाला जे कळलं ते आमच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या दोन पुरुषांना कळलं नाही.

काढायची की ठेवायची याचं माझ्यापुरतं उत्तर २४ जानेवारी २०२५ ला मिळालं. एओविन वादळ. पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी १८४ किलोमीटरचा झोत, देशभर ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली. आमची नऊ दिवस नव्हती. आदल्या रात्रीच मी रेंज बंद केली होती, कारण तसल्या वाऱ्यात चिमणीची ओढ बिघडते आणि ज्योत विझते. दुपारी वारा पडल्यावर बाहेर जाऊन चिमणीचं टोपण जागेवर आहे ना ते पाहिलं, तेल सोडलं, दहा-पंधरा मिनिटं वाती भिजू दिल्या, लांब काडीने पेटवली. पंप बंद म्हणून खोल्यांतले रेडिएटर गार, पण स्वयंपाकघर उबदार, न्हाणीघर उबदार, नळाला गरम पाणी, गॅसशिवाय वरण-भात. आजूबाजूच्या दोन घरांत प्रेशर जेटचे नवे बॉयलर होते, ती माणसं लहान मुलांसकट आमच्या स्वयंपाकघरात झोपली. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "बरं झालं काढली नाही." सहा वर्षांनी म्हणाला, पण म्हणाला.

स्वयंपाकाचं विचारलंत. सगळं होतं. हॉटप्लेट साफ पुसली की पोळी थेट तिच्यावर, तव्याची गरज नाही, भाकरीही. बर्नरवरची बाजू सर्वात गरम, फोडणी तिथे, दुसऱ्या टोकाला मंद. भांडी सपाट, जाड बुडाची हवीत, गोल बुडाची कढई निरुपयोगी. खालच्या ओव्हनमध्ये रात्री आधी खळखळून उकळलेला राजमा किंवा खीर ठेवा, सकाळी तयार. दही रेंजच्या बाजूच्या ओट्यावर डिसेंबरातही लागतं. हॉटप्लेटची झाकणं मिटलेली ठेवायची सवय लावून घ्या, नाहीतर ओव्हन कधी तापणार नाही.

पेटवताना एकच नियम कधी मोडू नका. ज्योत विझली आणि भांडं गरम असेल तर पुन्हा काडी लावायची नाही. आत तेलाची वाफ साठलेली असते, भडका उडतो. तेल बंद करून पूर्ण गार होऊ द्या, साठलेलं तेल पुसून काढा, मग पेटवा.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. वातीची रेंज तेल जास्त खाते, आमचं वर्षाला अडीच हजार लिटरच्या आसपास जातं. दोघंही दिवसभर बाहेर असाल, किंवा घर नव्याने नीट इन्सुलेट केलेलं असेल, तर माझा सल्ला तुम्हाला लागू नाही, उष्मा पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणाऱ्या यंत्राचा, विचार करा. जुन्या रेंजच्या दारांच्या दोऱ्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, स्वतः ओढून काढू नका. खोलीत हवा येण्याची भिंतीतली जाळी गार वारा येतो म्हणून कधीही बुजवू नका, आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी लावा. तेलाच्या लाइनवर घराबाहेर आगीचा व्हॉल्व्ह आहे का, म्हणजे बर्नरपाशी जास्त तापलं की तेल आपोआप तोडणारा, हे बघा. टाकी दारं-खिडक्यांपासून १.८ मीटर आणि हद्दीपासून ७६० मिलिमीटर लांब हवी, नाहीतर मध्ये आगरोधक भिंत लागते. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, तेही तपासून घ्या. नवी रेंज बसवायची असेल तर ती साडेतीनशे-चारशे किलोची असते, खालची फरशी आणि चिमणीचं अस्तर आधी बघावं लागेल. मी फिटर नाही, सहा-सात वर्षं एकच रेंज चालवणारी बाई आहे.

घर पुन्हा बघायला जाल तेव्हा रेंज पेटवायला सांगा आणि तासाभराने न्हाणीघरात जाऊन तिथल्या रेडिएटरला हात लावा. हीटिंग बंद असताना तो गरम असेल आणि त्याला नळ नसेल तर कोणीतरी शहाण्या माणसाने काम केलंय. गार असेल तर रेंजपासून वर जाणारा जाड पाइप शोधा, त्यावर काय बसवलंय त्याचा फोटो इथे टाका, मी बघते.