'लीझिंग-मेकिंग' : स्कॉटलंडचा एक जुना गुन्हा

प्रश्न असा आला आहे : स्कॉटलंडच्या इतिहासात 'लीझिंग-मेकिंग'बद्दल देहदंड झाल्याचं वाचलं. लीझ म्हणजे तर भाडेपट्टा. मग त्यात मरणाची शिक्षा होण्यासारखं काय आहे?

या लीझिंगचं भाडेपट्ट्याशी नातं नाही. तो 'लीझ' फ्रेंचमधून आला. हा 'लीझिंग' जुन्या इंग्रजीतल्या 'लेआसुंग'चा वंशज, अर्थ 'खोटं'. त्याच्या मुळाशी 'लेआस' हे विशेषण आहे : नसलेला, विरहित, आणि म्हणून खोटा. 'वायरलेस'मधला 'लेस' तोच! उलट खोटं बोलणं या अर्थाचा 'लाय' मात्र निराळ्या मुळाचा आहे. इंग्रजीत 'लीझिंग' हळूहळू मागे पडला, तरी 1611च्या बायबलमध्ये चौथ्या आणि पाचव्या स्तोत्रात तो भेटतो.

स्कॉटलंडात मात्र कायद्याने त्याला धरून ठेवलं. सामान्य माणसाच्या बदनामीसाठी तिथे 'स्क्लँडर' हा शब्द होता. लीझिंग-मेकिंग व्हायचं ते राजाच्या बाबतीत. 18 वर्षं इंग्लंडच्या कैदेत काढून स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स 1424मध्ये परतला, आणि त्याच साली नोंदलेला कायदा म्हणतो की राजा-प्रजेत तेढ पडेल अशी लीझिंगं रचणारे आणि सांगणारे जिवाला आणि मालमत्तेला मुकतील. पुढे व्याप्ती वाढतच गेली. 1584मध्ये राजाचे आईवडील आणि पूर्वजही या संरक्षणात आले. त्या वेळचा राजा सहावा जेम्स, आणि त्याची आई मेरी इंग्लंडात कैदेत होती. 1594मध्ये तर असं बोलणं ऐकून गप्प बसणाराही दोषी ठरू लागला.

या शेवटच्या कलमाने लॉर्ड बाल्मेरिनो या स्कॉटिश सरदाराला गाठलं. राजा पहिल्या चार्ल्सच्या धोरणावर टीका करणारा एक अर्ज त्याच्याकडे सापडला. अर्ज लिहिणारा कोण हे ठाऊक असून त्याने कळवलं नाही, एवढ्यावरून 1635मध्ये ज्यूरीने 8 विरुद्ध 7 मतांनी त्याला दोषी ठरवलं. राजाने नंतर माफी दिली.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो अर्ल ऑफ अर्गाइल या दुसऱ्या स्कॉटिश सरदाराचा खटला. 1681मध्ये सरकारने लादलेली शपथ त्याने घेतली, पण 'ती स्वतःशी आणि प्रॉटेस्टंट धर्माशी जेवढी सुसंगत आहे तेवढीच' असं म्हणून. यात असत्य कुठे आहे? तरीही आरोपांत लीझिंग-मेकिंग होतं, 'ट्रीझन' म्हणजे राजाशी फितुरीही होती, आणि शिक्षा मृत्यूची झाली. सावत्र मुलीच्या झग्याचा घोळ उचलणाऱ्या नोकराच्या वेशात तो एडिंबरा किल्ल्यातून निसटला. 1685मध्ये बंड फसून पकडला गेला, तेव्हा नवा खटला न चालवता याच जुन्या शिक्षेवर त्याचा शिरच्छेद केला. शब्दाचा मूळ अर्थ 'खोटं', पण न्यायालयात खरं-खोटं पाहण्याची गरजच उरली नव्हती. राजाला न रुचणारं बोलणं पुरेसं होतं.

1703मध्ये देहदंड गेला, दंड, कैद आणि हद्दपारी राहिली. गुन्हा रद्द झाला तो थेट 2010च्या कायद्याने. त्याच कलमात 'सिडिशन', म्हणजे मराठीत ज्याला 'राजद्रोह' म्हणतात तो गुन्हाही, स्वतंत्रपणे नाव घेऊन रद्द केला आहे. म्हणून मराठीत लीझिंग-मेकिंगला 'राजद्रोह' म्हणू नये. 'राजनिंदा' अधिक नेमकं वाटतं.