आधी कव्हर, मग हीट पंप

प्रश्न : आमच्या सोसायटीचा उघडा स्विमिंग पूल १२ बाय ६ मीटरचा, सरासरी खोली १.२ मीटर. ज्येष्ठ मंडळी सकाळी सातला पोहतात, म्हणून दिवाळीनंतर हीट पंपाने पाणी ३० अंशांवर ठेवतो. पंप रात्रभर चालूनही पहाटे पाणी २८ वर येतं. पुरवठादार म्हणतो, दुप्पट क्षमतेचा पंप घ्या. घ्यावा का?
– सचिव, मनीषनगर, नागपूर

उत्तर : घेऊ नका. तुमचा पंप कमी पडत नाही, तलाव रात्रभर उघडा पडतोय.

उघड्या पूलची साधारण ७० टक्के उष्णता बाष्पीभवनातून जाते. त्यात आपल्याकडची हिवाळी रात्र, पारा १०-१२ अंशांवर आणि हवा कोरडीठाक. तुमच्या पूलमध्ये सुमारे ८६ हजार लिटर पाणी आहे. ते एका अंशाने तापवायला १०० युनिट उष्णता लागते. एका युनिट विजेत पंप चार युनिट उष्णता देतो असं धरलं, तर २५ युनिट वीज. आणि ही सगळी उष्णता घालवायला पातळी अवघी २ मिलिमीटर उतरली तरी पुरते! नुसत्या डोळ्यांना ते कळतही नाही.

म्हणून पाण्यावर तरंगणारं, फुगे असलेलं कव्हर घ्या, आणि सोबत रोलर घ्याच. मी शहरातल्या पूलांची देखभाल बघते. रोलर नसला की ओलं, जड कव्हर दोघांनी ओढायचं, कर्मचारी कंटाळतात आणि महागाचं कव्हर कोपऱ्यात धूळ खातं. पोहण्याआधी ते पूर्ण काढायचं. अर्धवट झाकलेल्या पूलमध्ये कुणालाही, विशेषतः लहान मुलांना, उतरू देऊ नका. कव्हरखाली अडकलेलं मूल वरून दिसत नाही. उन्हाळ्यात ते सावलीत गुंडाळून ठेवा, मे महिन्याचं ऊन त्याची चाळण करतं.

कव्हर आलं की पंपाची वेळ बदला. हा पंप हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यापेक्षा दुपारच्या २८ अंशांच्या हवेत तेवढ्याच विजेत जास्त काम करतो. दुपारी तापवा, संध्याकाळी झाका.

गळतीही तपासा. बादलीत पूलचं पाणी भरून ती पूलच्या पायरीवर, अर्धी पाण्यात राहील अशी ठेवा. बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या रेषेवर खूण करा. कव्हर काढून, पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. बाहेरची पातळी जास्त उतरली असेल, तर कुठेतरी गळतंय, आणि तापवलेलं पाणी जमिनीत जातंय.

तापमान खाली आणा असं मात्र मी म्हणणार नाही. दुखऱ्या गुडघ्यांना ३० अंशांचं पाणी लागतं, ते त्यांना मिळायलाच हवं. एवढं करूनही बिल जड वाटलं, तर क्लबहाऊसच्या गच्चीवर पूलचं पाणी उन्हाने तापवणारे, काच नसलेले सोलर पॅनेल बसवा, पूलच्या क्षेत्रफळाच्या निम्मे तरी, म्हणजे ३६ चौरस मीटर. हिवाळ्यातलं आपलं स्वच्छ ऊन त्याला पुरेसं आहे.