जाहिरातीतलं फीचर फोनमध्ये आलंच नाही? सुरुवात इथून करा

सर्व्हिस सेंटरच्या चकरा नंतर, आधी पुरावा. कंपनीच्या साइटवरचा मजकूर कधी बदलेल सांगता येत नाही, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, तोही तळटीपेसकट. खरी मेख तिथेच असते: ‘लवकरच अपडेटद्वारे’, ‘निवडक मॉडेल्सवर’. ‘८+८ जीबी रॅम’मधले दुसरे ८ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, तळटीपेत तसं छापलं असेल तर त्यावर भांडत बसू नका. ‘लवकरच’ला मात्र तारीख मागा, लेखी.

*#०६# डायल करून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बिलावरच्या नंबरशी जुळतो ना, तेही बघा.

मग:
- कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. एकच फीचर, एकच मागणी: फीचर द्या किंवा पैसे परत. ऑनलाइन खरेदी असेल तर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा २०२० चा नियम आहे.
- दाद नाही लागली तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) जपून ठेवा.
- शेवटी ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

नवखे हमखास चुकतात ते फोनवर बोलण्यात (लेखी काहीच उरत नाही) आणि ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ म्हणत थांबण्यात. आयोगाची मुदत २ वर्षांची आहे. वीस हजारांच्या फोनसाठी पाच लाखांची भरपाईही मागू नका, राव.