कंट्रोलमध्येच निम्मं ऑक्सिडेज? आधी नमुन्यांची चौकशी करा

कंट्रोल गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी उंदरांच्या यकृतातही झँथिन ऑक्सिडेज (प्युरिनांपासून यूरिक आम्ल बनवणारं एन्झाइम) निम्मं ऑक्सिडेज रूपातच दिसतंय, मग रक्तपुरवठा तोडलेल्या गटात वाढ दाखवायची कशी, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

मूळ गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. धडधाकट पेशीत हे एन्झाइम बहुतांशी डिहायड्रोजनेज रूपात असतं आणि इलेक्ट्रॉन एनएडी या वाहक रेणूला देतं. पेशीला इजा झाली की त्याचे सल्फहायड्रिल (गंधक-हायड्रोजन) गट ऑक्सिडाइज होतात किंवा प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, त्याचा तुकडा तोडतात. मग ते ऑक्सिडेज रूपात जातं, तेच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात आणि सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तिकडे पेशीचं ऊर्जाद्रव्य एटीपी मोडून हायपोझँथिन, म्हणजे या एन्झाइमचा कच्चा माल, साचलेलंच असतं.

पण हे रूपांतर तुमच्या नळीतही होतं! स्टिर्पे आणि डेला कोर्ते या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवलंय की उंदराच्या यकृतातलं एन्झाइम उणे २० अंशांवर नुसतं ठेवलं तरी ऑक्सिडेज बनतं. आमचे नमुने संस्थेच्या सामायिक साठवण विभागात होते. मधे फ्रीझर बंद पडला, नमुने वितळले, पुन्हा गोठवले गेले, आणि आम्हाला कोणी कळवलंसुद्धा नाही. तापमानाची नोंदवही मागितली तर उत्तर काय, "नळ्यांची झाकणं बंद होती ना?" सगळा कंट्रोल गट गेला. तेव्हापासून माझं मत ठाम आहे (कडवट म्हणा हवं तर): या एन्झाइमसाठी साठवलेल्या ऊतीवर विसंबू नका, ताजी ऊतीच वापरा.

ऊती बर्फावरच कुटा. बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं) आणि ल्युपेप्टिन (प्रोटीएज रोखणारं) घाला. पीएमएसएफ हे दुसरं प्रोटीएज-रोधक मात्र ऐनवेळी घाला, पाण्यात ते टिकत नाही. डीटीटीचं (सल्फहायड्रिल गट पूर्ववत करणाऱ्या रसायनाचं) जरा अवघड आहे. ते घातलं तर सल्फहायड्रिल ऑक्सिडाइज झाल्यामुळे झालेलं रूपांतर उलटतं, म्हणजे प्राण्यात खरोखर झालेलं असेल तेही पुसलं जातं. म्हणून एकाच ऊतीचे दोन भाग करा, एकात डीटीटी, दुसऱ्यात नाही. डीटीटीनंतरही जे ऑक्सिडेज उरतं ते बहुधा प्रोटीएजचं काम. मी यकृतापुरतंच बोलतोय, हृदयाचं गणित वेगळं असू शकतं.

मोजणी तयार झालेल्या यूरिक आम्लाची, २९५ नॅनोमीटरवर, एनएडीसह (दोन्ही रूपं मिळून) आणि एनएडीशिवाय (फक्त ऑक्सिडेज). त्याआधी जेल फिल्ट्रेशन करून लहान रेणू वेगळे काढा, नाहीतर ऊतीतलं एनएडी आकडे बिघडवतं. फक्त पेरॉक्साइड मोजणाऱ्या तयार किटला डिहायड्रोजनेज जवळजवळ दिसतच नाही.

आणि अ‍ॅलोप्युरिनॉल या एन्झाइम-रोधक औषधाने इजा कमी झाली म्हणून रूपांतर सिद्ध झालं, असं प्रबंधात लिहू नका. ते दोन्ही रूपांना अडवतं.