वेताळाचा रंग, एपिकचे आकडे आणि पावसाळी कपाट: वाचकांचे प्रश्न

*चित्रकथांचे नवे अंक आणि पुनर्मुद्रित संग्रह यांविषयी ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.*

मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे चाळीसेक अंक घरी आहेत. आता वेताळाचे (इंग्रजीत ‘फँटम’चे) जाड पुठ्ठ्याचे इंग्रजी संग्रह मिळतात. त्यांत त्याच गोष्टी असतात का? दुकानात चाळला तो संग्रह तर सगळा काळापांढरा निघाला. (नौपाडा, ठाणे)

गोष्टी त्याच मिळतील, तुमचे अंक मिळणार नाहीत. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये थांबलं. पण ली फॉकचा वेताळ मुळात पुस्तकातला नव्हेच, वर्तमानपत्रातला. त्याची रोजची पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, रविवारची रंगीत पट्टी २८ मे १९३९ ला. रोजची पट्टी काळ्यापांढऱ्यातच छापली जायची, तेव्हा तुम्ही चाळलेल्या संग्रहात काही उणं नव्हतं. ते मूळ रूपच आहे. इंद्रजालने या पट्ट्या ठरावीक पानांत बसवण्यासाठी चौकटी छाटल्या, काही गाळल्या, रोजच्या पट्ट्यांत रंग भरले आणि वेताळाच्या बेंगाला देशाचं डेंकाली केलं. त्यामुळे संग्रहात गोष्ट तुमच्या आठवणीपेक्षा लांब वाटेल आणि मधेच न पाहिलेले प्रसंग भेटतील.

घेताना दोन गोष्टी पाहा. रोजच्या आणि रविवारच्या पट्टीत वेगवेगळ्या गोष्टी समांतर चालत, म्हणून त्यांचे संग्रहही वेगळे निघतात. पाठीवर ‘डेलीज’ आहे की ‘संडेज’ ते वाचा. मग सालं बघा. सुरुवातीचा वेताळ रे मूरचा, सावल्यांनी भरलेला. त्यानंतरचा विल्सन मॅकॉयचा, साधा, जवळजवळ बाळबोध. १९६१ पासून साय बॅरी आला, आणि आपल्याकडे ‘लहानपणचा वेताळ’ म्हणतात तो बहुतेकांच्या बाबतीत बॅरीचाच असतो. आठवणीसाठी पैसे घालवणार असाल तर १९६१ नंतरचा खंड घ्या. चित्रासाठी घालवणार असाल तर रे मूर.

रोजच्या पट्टीचा संग्रह एका बैठकीत संपवू नका. वर्तमानपत्राच्या वाचकाला पहिल्याच चौकटीत कालचा धागा पुन्हा द्यावा लागे, सलग वाचताना दर तिसऱ्या चौकटीला ठेच लागते. दिवसाला दोन-तीन आठवड्यांच्या पट्ट्या, एवढंच बरं.

बी. गोविंद यांची रंगवलेली मुखपृष्ठं आणि आबिद सुरतींचा नायक बहादूर (तो १९७६ मध्ये आला) हा माल इथलाच. तो अमेरिकी संग्रहांत सापडणार नाही, म्हणून ते चाळीस अंक रद्दीत घालू नका. एकत्र बांधून घेणार असाल तर दहा-बारा अंकांचा एक खंड करा आणि बाइंडरला तीन सूचना कागदावर लिहून द्या: गंजलेल्या पिना आधी काढायच्या, शिवण घडीतून घालायची, तिन्ही कडा कापायच्या नाहीत. वरून आरपार टाके घातले की आतला सेंटिमीटरभर समास गिळला जातो आणि चौकटी अर्ध्या दिसतात. कडा ‘साफ’ केल्या की वरच्या संवादाच्या फुग्यातली पहिली ओळ गेलीच म्हणून समजा. मुखपृष्ठं आतच राहू द्या, काही बाइंडर ती फाडून टाकतात.

जुन्या कॉमिक्सची नवी आवृत्ती घेतली. कागद गुळगुळीत, छपाई चकाचक, तरी रंग डोळ्यांत खुपतात. छपाईचा दोष आहे की माझ्या डोळ्यांचा? (खारघर)

डोळे ठीक आहेत. जुन्या अमेरिकी कॉमिक्समध्ये निळी, किरमिजी आणि पिवळी या तीन शाया २५, ५० आणि १०० टक्के अशा टप्प्यांत वापरत. शाई अजिबात न लावणं हा चौथा पर्याय. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण ६४ रंग, शिवाय काळ्या रेषा. कागद न्यूजप्रिंट: मुळातच पिवळट-करडा आणि शाई शोषणारा. त्यावर ठिपके पसरत आणि रंग मरगळे. रंग ठरवणाऱ्याला हे माहीत असे, म्हणून तो मुद्दाम भडक आकडे देई. आता तेच आकडे पांढऱ्याशुभ्र आर्ट पेपरवर उतरवले की मरगळ नाहीशी होते आणि उरतो तो निव्वळ भडकपणा. दुकानात तपासायचं तर चेहरा बघा. त्वचेसाठी २५ टक्के किरमिजी आणि २५ टक्के पिवळा हे नेहमीचं मिश्रण. न्यूजप्रिंटवर ते माणसासारखं दिसतं, गुळगुळीत कागदावर प्लास्टिकच्या बाहुलीसारखं. जाणकार प्रकाशक एक तर बिनचकाकीचा कागद घेतात, नाही तर सगळे रंग थोडे खाली उतरवतात.

दुसरा प्रकार नव्याने रंगवण्याचा. बॅटमनचं ‘द किलिंग जोक’ १९८८ मध्ये आलं तेव्हा रंग जॉन हिगिन्सचे होते. २००८ च्या आवृत्तीसाठी चित्रकार ब्रायन बोलंडने सगळं पुन्हा स्वतः रंगवलं. हिगिन्सची जांभळी-नारिंगी जत्रा गेली, करडा गारठा आला. ओळखायची खूण सोपी: बॅटमनच्या छातीवरच्या वटवाघळाभोवती पिवळा लंबगोल दिसला तर जुने रंग, नसला तर बोलंडचे. आमचा कौल हिगिन्सला. गोष्ट जत्रेच्या मैदानात घडते, तिला जत्रेचेच रंग हवेत. चित्रकार अर्थातच उलट म्हणेल आणि पुस्तक त्याचंही आहे.

रंगांपेक्षा मोठा दोष रेषांचा. मूळ चित्रं किंवा छपाईची फिल्म हाताशी नसली की छापलेला जुना अंकच स्कॅन करतात. मग बारीक रेषा फुगतात आणि सावलीतल्या आडव्या-तिरक्या रेषांचा एकच काळा डाग होतो. मराठी पुनर्मुद्रणात हे अक्षरांवर लगेच कळतं. फुग्यातला ‘ष’ बघा, पोटातली रेघ बुजून त्याचा ‘प’ झालाय का. अनुस्वार आणि रफार गायब आहेत का, ‘ब’ आणि ‘व’ वेगळे वाचता येतात का. पाच पानं अशी चाळा. दोन ठिकाणी अडलात तर पुस्तक परत ठेवा, किंमत काहीही असो.

मार्व्हलच्या एपिक कलेक्शनचे खंड घेतोय. दुकानदाराकडे १, ४ आणि १७ आहेत. मधले ‘संपले’ म्हणतो. खरं का? (वाशी)

काही संपले असतील, काही निघालेच नसतील. या मालिकेतला पाठीवरचा आकडा कथेच्या कालक्रमातली जागा सांगतो, छापण्याचा क्रम सांगत नाही. २०१३ पासून खंड उलटसुलटच निघत आले आहेत, त्यामुळे १७ वा ५ व्याच्या आधी येऊ शकतो. आकड्यांची रांग पुरी करण्याच्या नादात कोणी दुप्पट किंमत सांगितली तर थांबा, यातले खंड पुन्हा छापले जातात. मागच्या बाजूला किंवा आतल्या माहितीच्या पानावर कोणते मूळ अंक घेतले त्याची यादी असते. ती घरातल्या पुस्तकांशी ताडून पाहा. एकच कथा साध्या संग्रहात, एपिकमध्ये आणि ऑम्निबस नावाच्या जाडजूड खंडात अशी तीनदा विकत घेणारे वाचक नवी मुंबईतही कमी नसावेत.

एपिक साधारण चारशे ते पाचशे पानांचं, कागदी बांधणीचं. ऑम्निबसची पानं बरेचदा हजाराच्या घरात, वजन अडीच-तीन किलोंच्या पुढे. ते मांडीवर नव्हे, टेबलावर वाचायचं पुस्तक. घेण्याआधी वरच्या कडेकडून पाठीत डोकावा. दुमडलेल्या पानांचे छोटे कमानीसारखे गठ्ठे दिसले तर बहुधा शिवण आहे. सरळ कापलेली पानं गोंदात रुतलेली दिसली तर चिकटबांधणी. अशी नवी प्रत एकदम मधोमध उघडून दाबली की पाठीचा गोंद तडकतो आणि महिन्याभरात मधली पानं हातात येतात. पुढून दहा-पंधरा पानं, मग मागून तेवढीच, असं आलटूनपालटून मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे.

‘वॉचमेन’ डीसीच्या छोट्या आकारात स्वस्त मिळतंय. ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचायला घ्यावं का? (ऐरोली)

डीसीची ही कॉम्पॅक्ट मालिका २०२४ मध्ये सुरू झाली, छापील किंमत ९.९९ डॉलर. पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, म्हणजे नेहमीच्या कॉमिकच्या रुंदीच्या सुमारे ८३ टक्के. बहुतेक कथांना हे चालतं. ‘वॉचमेन’चा मात्र पानाचा पाया नऊ चौकटींचा, शिवाय पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी निव्वळ मजकुराची पानं. हलत्या डब्यात त्या मजकुरावर डोळे ताणावे लागतील, आणि तो सोडून दिला तर अर्धं पुस्तक सुटलं. प्रवासासाठी याच मालिकेतलं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ घ्या, त्यात चौकटी मोठ्या आणि शब्द थोडे. ‘वॉचमेन’ पूर्ण आकारात, घरी.

स्पायडरमॅनची पहिली गोष्ट असलेला १९६२ चा अंक एक जण पाच हजारांत देतोय. मुखपृष्ठावर १२ सेंट किंमत आहे. घ्यावा का? (कोपरी, ठाणे पूर्व)

नाही. अस्सल अंक असता तर त्या किमतीत मुखपृष्ठाचा कोपराही मिळाला नसता. ही बहुधा फॅक्सिमिली आवृत्ती, म्हणजे जुन्या जाहिरातींसकट केलेलं नवं पुनर्मुद्रण. कॉमिक्सवर बारकोड आले ते १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर, तेव्हा पुढेमागे कुठेही बारकोड दिसला की प्रश्न मिटला. तो नसेल तर आतली बारीक अक्षरांतली प्रकाशन-माहिती वाचा, कागद किती पांढरा आहे ते बघा, पिनांची चमक बघा. साठ वर्षांचा न्यूजप्रिंट कडेने तपकिरी पडतोच. वाचायला मात्र फॅक्सिमिली झकास असते. ती तिच्या किमतीत घ्या, काही शेकड्यांत.

नेरूळला खाडीच्या बाजूला घर. दर पावसाळ्यात कॉमिक्सना बुरशी आणि कसर लागते. डांबरगोळ्या टाकून झाल्या. (नेरूळ)

डांबरगोळ्या बुरशीचं काही करत नाहीत, कागदाला वास मात्र कायमचा चिकटवतात. बुरशीला हवी असते ओल. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती धरते, आणि आपल्याकडे जुलैत हा आकडा सहज ८० च्या पुढे जातो. आधी काही शेकड्यांत मिळणारा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. लक्ष्य ४५ ते ५५.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. खालच्या कप्प्यात पुस्तकं नकोत. झाकण घट्ट बसणारे प्लास्टिकचे डबे चांगले, पण भरायचे एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी किंवा एसी दोन-तीन तास चालवलेल्या खोलीत. ऑगस्टमध्ये भरलात तर ओलच आत कोंडाल. ४०-५० लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल, जाळीच्या पिशवीत. नारिंगी दाणे गडद हिरवट झाले की ओटीजीमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवायचे, पुन्हा नारिंगी होतात. पिशवी न तापवता वर्षभर तशीच पडली तर तिचा उपयोग शून्य.

प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा. ऑफिसच्या फायलींतले वास मारणारे मऊ पीव्हीसी कव्हर टाळा, ते शाई ओढून घेतं. सध्याचं कॉमिक १७ बाय २६ सेंटिमीटरचं असतं. जुने भारतीय अंक त्याच मापाचे नसतात, पट्टी लावून मगच पिशव्या मागवा. डब्यात अंक उभे ठेवा आणि मोकळी जागा पुठ्ठ्याने भरा. तिरके राहिले की खालून वळतात, आणि वळलेला न्यूजप्रिंट सहजी सरळ होत नाही.

बुरशी आलेलीच असेल तर तो अंक आधी बाजूला काढा. सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झटका. ओला असताना पुसलात तर डाग आत जिरतो. उन्हात ठेवू नका, रंग उडतात. कसरीसाठी अंक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाही तर थंड कागदावर दव धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावा, नाही तर तसंच राहू द्या.

परदेशी कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी येतात म्हणे. एकाच अंकाची तीन मुखपृष्ठं दिसली, कोणतं घ्यायचं? (घोडबंदर रोड, ठाणे)

अमेरिकेत नव्या अंकांचा वार बुधवार. डीसीने २०२० मध्ये मंगळवार धरला होता, २०२४ मध्ये तीही बुधवारवर परतली. इथे अंक पोचायचे ते पोचतात तेव्हा पोचतात. मुखपृष्ठं तीन असली तरी आतली पानं तीच, स्वस्त असेल ते घ्या. सुटा अंक म्हणजे वीस-बावीस पानांची गोष्ट आणि चार-पाच डॉलर. पाच-सहा अंक झाले की काही महिन्यांत त्यांचा संग्रह निघतो. गोष्टच वाचायची असेल तर त्याची वाट बघा.

नऊ वर्षांच्या मुलीसाठी मराठीत काय? (कळवा)

‘चिंटू’चे संग्रह. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. संग्रह कुठूनही उघडला तरी चालतो आणि भाषा घरातली आहे. अमर चित्र कथेच्या मराठी आवृत्त्याही मिळतात, मात्र काहींत भाषांतर फुग्यात कोंबून बसवल्यासारखं असतं. मुलीला दुकानात दोन पानं मोठ्याने वाचायला सांगा. ती अडखळली तर दुसरं पुस्तक उचला.