ऑलिव्हिया न्यूटन-जॉन आणि कायली मिनोग सोडल्या तर ऑस्ट्रेलियाच्या जुन्या गायिका कोण? एखादं गाणं गाजवून त्या गेल्या कुठे?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "यूट्यूबवर 1960-70 च्या गायिका शोधल्या तर प्रत्येकीचं एक-दोन गाण्यांतच आटोपलेलं दिसतं, असं का?" त्या ओळीमुळेच लिहायला बसलो.

मी संगीतातला नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट आहे. दर गुरुवारी दुपारी तिथे तासभर गाणी लावतात आणि ते काम हळूहळू माझ्या गळ्यात पडलं, कारण टॅबलेट मला बरा चालवता येतो. पहिल्याच गुरुवारी एक आजोबा म्हणाले, "पॅटी लाव." मला पॅटी म्हटलं की पुण्याच्या बेकरीतलं पॅटिस आठवतं. वाटलं, पॅट्सी क्लाइन म्हणायचं असेल. लावलं. आजोबांनी अशी मान हलवली की चहात मीठ पडलंय. "ती अमेरिकन. आमची पॅटी. लिटल पॅटी."

तेव्हापासून हा नाद लागला.

लिटल पॅटी म्हणजे पॅट्रिशिया अ‍ॅम्फलेट, सिडनीची, जन्म 1949. 1963 च्या शेवटी तिचं पहिलं गाणं आलं तेव्हा ती 14 वर्षांची शाळकरी पोर होती. गाण्याचं नाव एका दमात म्हणून बघा: 'हीज माय ब्लाँड हेडेड स्टॉम्पी वॉम्पी रिअल गॉन सर्फर बॉय'. सर्फिंग करणारी पोरं समुद्रकाठच्या हॉलमध्ये पाय आपटत जो 'स्टॉम्प' नाच नाचायची, त्याचं हे गाणं. सिडनीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तुमच्या हिशेबाने तिची गोष्ट इथे संपते. माझ्या मते इथे सुरू होते.

18 ऑगस्ट 1966. व्हिएतनाममधला नुई दातचा ऑस्ट्रेलियन तळ, रबराच्या मळ्यात वसवलेला. गायक कोल जॉय आणि त्याच्या बँडबरोबर पॅटी सैनिकांसाठी गायला गेली होती, वय 17. त्या दिवशी लागोपाठ कार्यक्रम होते आणि तळापासून काही किलोमीटरवर लाँग टॅनची लढाई पेटली. कार्यक्रम अर्ध्यावर थांबवून तिला हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. खाली अंधारात तिला नारिंगी ठिपके लुकलुकताना दिसले. ते गोळीबाराचे होते. त्या लढाईत 18 ऑस्ट्रेलियन सैनिक गेले. कित्येक तिच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे.

पुढे ती गात राहिली, पण तिचं खरं मोठं काम वेगळंच आहे. कलाकारांच्या संघटनेत ती शिरली आणि थेट राष्ट्रीय अध्यक्षपदापर्यंत गेली. गायकाला पैसे कधी मिळावेत, करारात काय असावं, यासाठी भांडणारी बाई. 1972 च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या गॉफ व्हिटलमसाठी ज्या कलाकारांनी प्रचारगीत गायलं त्यांत तीही होती. त्या गाण्यातला मुख्य आवाज अ‍ॅलिसन मॅकॅलमचा. हीसुद्धा जबरदस्त गळ्याची आणि आज जवळजवळ विस्मरणात गेलेली बाई. आणि 'डिव्हिनिल्स' या रॉक बँडची गायिका क्रिसी अ‍ॅम्फलेट ठाऊक असेल, तर ती पॅटीची चुलत बहीण.

आता तुमच्या 'असं का?'कडे येतो.

ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्या बहुतेक देश सोडून गेलेल्या आहेत. ऑलिव्हिया न्यूटन-जॉन टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत जिंकली, त्याचं बक्षीसच इंग्लंडचा प्रवास. हेलन रेड्डी अशाच एका स्पर्धेच्या जोरावर 1966 मध्ये न्यूयॉर्कला गेली. म्हणजे इथल्या यशाची व्याख्याच 'इथून बाहेरचं तिकीट' अशी होती. ज्या मागे राहिल्या त्यांच्यासाठी बाजार केवढा? 1960 च्या दशकात सगळ्या खंडाची लोकसंख्या सव्वा कोटीच्याही आत, आणि ती पाच-सहा शहरांत विखुरलेली. सिडनीत गाजलेलं गाणं पर्थला पोचेलच असं नाही. नोएलीन बॅटलीचं 1960 सालचं गाणं देशभर वाजलं, ही त्या काळी बातमी होती, कारण तोवर कुठल्याही ऑस्ट्रेलियन गायिकेचं तसं झालं नव्हतं.

त्यात रेकॉर्ड कंपन्यांचा खाक्या. अमेरिकेत एखादं गाणं चालू लागलं की तेच स्थानिक मुलीकडून झटपट गाऊन घ्यायचं, छोटी 45 ची तबकडी काढायची. चाललं तर दुसरी, नाही तर नमस्कार. पूर्ण एलपीचा, म्हणजे दोन्ही बाजूंना अनेक गाणी असलेल्या मोठ्या तबकडीचा, खर्च पोरींवर कोण करणार? रेडिओसाठी कायदाही होता: 1942 पासून संगीताच्या वेळेतला अडीच टक्के भाग आणि 1956 पासून पाच टक्के भाग ऑस्ट्रेलियन संगीताला द्यायचा. पण मोजायचे ते संगीतकार. अमेरिकन गाणं गाणारी ऑस्ट्रेलियन मुलगी त्या पाच टक्क्यांत बसतच नसे! हे वाचलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. भरीस भर म्हणून 1970 मध्ये मे ते ऑक्टोबर खासगी रेडिओ केंद्रांचं आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचं मानधनावरून वाजलं आणि त्या कंपन्यांच्या ऑस्ट्रेलियन व ब्रिटिश तबकड्या पाच महिने केंद्रांनी लावल्याच नाहीत. तेव्हा नवं गाणं आलेलीचं काय झालं असेल, विचार करा.

म्हणून तबकड्या मोजून या बायकांची कारकीर्द मोजू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे वेंडी सॅडिंग्टन. मेलबर्नची, जन्म 1949. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दर्दभरं गाणं, गायची. मोठे गोल कुरळे केस, डोळ्यांभोवती काजळाचे जाड थर, बहुतेक वेळा काळे कपडे. त्या काळी टीव्हीवर मुलींनी झालरीचा फ्रॉक घालून गोड हसायचं असे, हिला ते जमलंच नाही. 'चेन' हा इथल्या ब्लूज-रॉकमधला पूज्य बँड, त्याचं नाव हिने सुचवलेलं, अरीथा फ्रँकलिनच्या एका गाण्यावरून. आणि ती त्या बँडमधून लवकरच बाहेरही पडली. मग 'गो-सेट' या तरुणांच्या पॉप साप्ताहिकात नोकरी धरली आणि तिथे सल्ल्याचं सदर चालवलं. घरात मारहाण, नको असलेलं गरोदरपण, असल्या गोष्टी पोरंपोरी तिला लिहायची आणि वीस वर्षांची ही मुलगी उपदेशाचा सूर न लावता उत्तरं द्यायची. आपण इथे फावल्या वेळात उत्तरं खरडतो, तिने ते 1969-70 मध्ये छापील केलं होतं.

तिचं एकच सिंगल थोडंफार गाजलं, 1971 मध्ये. एकच अल्बम, तोही स्टुडिओतला नाही. जानेवारी 1971 मध्ये सिडनीजवळच्या वॉलेशिया गावी उघड्यावर संगीत महोत्सव झाला, तिथे कॉपरवाइन बँडबरोबर ती गायली त्याचं ध्वनिमुद्रण. ऐकताना पहिल्या मिनिटालाच कळतं की ही माइकसमोर नीट उभं राहून रेकॉर्डिंग करणारी बाई नव्हे. शब्द अर्ध्यात सोडते, श्वास ऐकू येतो, मध्येच आवाज फाटतो आणि तिला त्याची फिकीर नसते. स्वच्छ सुरांची सवय असलेल्यांना पहिल्यांदा खटकेल. मलाही खटकलं. तिसऱ्या खेपेला मी कामावर जाताना ट्रेनमधून एक स्टेशन पुढे गेलो.

आणि मग ऐन भरात ती हरे कृष्ण भक्त झाली. चार दिवसांची फॅशन म्हणून नव्हे, अखेरपर्यंत. दीक्षेनंतरचं नाव गांधर्विका दासी. आता 'गंधर्व' म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. गांधर्विका हे राधेचं नाव, गानविद्येतली निपुण म्हणून. आम्ही जन्माष्टमीला अल्बर्ट पार्कच्या डँक्स स्ट्रीटवरच्या इस्कॉन मंदिरात जातो, प्रसादाच्या रांगेत उभे राहतो, आणि मला इतकी वर्षं कल्पनाही नव्हती की या देशातल्या ब्लूजच्या राणीने हीच वाट धरली होती. मधूनमधून ती मंचावर परत यायची, मनात असेल तेव्हा. 2013 मध्ये कर्करोगाने गेली, वय 63. रेकॉर्ड कंपनीच्या वहीत 'एक अल्बम, एक हिट'. तिचं गाणं समोर बसून ऐकलेल्यांना विचारलंत तर रात्र पुरणार नाही.

सगळ्याच अशा स्वतःच्या मर्जीने बाजूला झाल्या नाहीत. लिन रँडेल मेलबर्नच्या केशकर्तनालयात काम करायची. 1967 मध्ये ती थेट 'मंकीज' या गाजलेल्या पॉप बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, त्याच दौऱ्यात काही दिवस गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही होता. वय 17. दौऱ्यात गोळ्यांची सवय लागली ती आयुष्यभर पुरली. 2007 मध्ये 57 व्या वर्षी गेली. इंग्लंडमध्ये जुन्या सोल संगीताचे शौकीन तिच्या एका तबकडीसाठी अजून जीव टाकतात.

थोडं मागे जाऊ. जॉर्जिया ली. खरं नाव डल्सी पिट, जन्म 1921, क्वीन्सलंडच्या उत्तरेला केर्न्समधला. टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांचं आणि आदिवासी रक्त, त्यात आजोबा जमैकाचे. दुसऱ्या महायुद्धात केर्न्समध्ये अमेरिकन सैनिकांची गर्दी असे, त्यांच्यासमोर ती बहिणींबरोबर 'हार्मनी सिस्टर्स' म्हणून गायची. जॅझ तिला तिथेच, त्या सैनिकांकडून मिळालं. मग मेलबर्न, मग 1953 ला लंडन. तिथे जेराल्डोच्या नामांकित ऑर्केस्ट्राबरोबर गायली. परतल्यावर 1957 मध्ये अमेरिकन गायक नॅट किंग कोलच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिचं नाव होतं. एवढं सगळं करून पहिली एलपी मिळाली 1962 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. आदिवासी वा टोरेस बेटांच्या गायिकेची ती पहिली एलपी, आणि तीत मेलबर्नच्या यारा नदीवरचं एक ब्लूज आहे. काळं पांघरूण घेतल्यासारखा आवाज, घाई अजिबात नाही. लक्षात घ्या, 1962 मध्ये या देशात क्वीन्सलंडच्या कित्येक आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मताचा हक्क नव्हता. तो 1965 ला आला. तिची भाची विल्मा रीडिंग पुढे परदेशात खूप गाजली, तिच्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

कंट्री, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या, संगीताची गोष्ट मात्र निराळी, कारण तिथे शहरी टीव्हीवाचून चालत असे. टूवूंबाच्या शर्ली थॉम्सने 1941 मध्ये, पुरती सतरा वर्षांचीही नसताना, एकटीच्या नावावर तबकड्या भरल्या. कंट्रीत तसं करणारी ती पहिलीच ऑस्ट्रेलियन बाई. पण माझी लाडकी जॉय मॅकीन. लहानपणी पोलिओ झाला, पायाला आधाराचा कॅलिपर. (फिजिओ असल्यामुळे माझं लक्ष आधी तिथेच जाणार!) 1949 पासून बहीण हेदरबरोबर सिडनीच्या रेडिओवर तिचा स्वतःचा कार्यक्रम होता. 1951 मध्ये तिने कंट्री गायक स्लिम डस्टीशी लग्न केलं आणि 1954 पासून दोघं गाडीला कॅरॅव्हॅन जोडून गावोगाव फिरू लागली. कॅलिपर लावलेला पाय घेऊन ही बाई खडबडीत रस्त्यांवर गाडी हाकायची, अ‍ॅकॉर्डियन वाजवायची, हिशेब बघायची, मुलं सांभाळायची, आणि नवऱ्यासाठी गाणी लिहायची. रात्रीच्या घाटात समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेल्या ट्रकवाल्याचं गाणं तिचंच. 1973 मध्ये टॅमवर्थला कंट्री संगीताचे 'गोल्डन गिटार' पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलीवहिली गिटार त्या गाण्यासाठी तिच्या हातात पडली. दुकानात मात्र ते सापडतं नवऱ्याच्या नावाखाली. 2023 मध्ये, 93 व्या वर्षी ती गेली.

अजून कितीतरी राहिल्या: जूडी स्टोन, बेटी मॅक्वेड, केरी बिडेल, ऑरिएल अ‍ॅन्ड्र्यू. ऑरिएल ही अ‍ॅरर्न्टे या आदिवासी समाजाची, 1986 ला पोप अ‍ॅलिस स्प्रिंग्सला आले तेव्हा त्यांच्यासमोर गायली. ऐकायला सुरुवात करायची तर जॉर्जिया लीपासून करा, वेंडीला रात्रीसाठी ठेवा.

आमचे पॅटीवाले आजोबा व्हिएतनामला गेले होते, पण 1968 मध्ये. पॅटीचा तिथला कार्यक्रम त्यांनी पाहिलेला नाही. त्या गुरुवारी शेवटी मी ते लांबलचक नावाचं गाणं शोधून लावलं. आजोबांचा उजवा पाय, ज्याला मी तीन आठवडे व्यायामासाठी विनवत होतो, पायपाटावर धपधप आपटू लागला. दोन मिनिटांत गाणं संपलं. आजोबा म्हणाले, "आता उलटी बाजू लाव."

टॅबलेटला उलटी बाजू कुठली? त्यांनीच नाव सांगितलं, 'स्टॉम्पिन अ‍ॅट मरूब्रा', आणि मी टाइप करेपर्यंत पाय तसाच चालू ठेवला.