"मॅडम, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाईल का?"

व्यसनासाठी समुपदेशन करताना वकिली करणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, हा प्रश्न मला सारखा येतो. बीडहून येतो, परभणीहून येतो, संभाजीनगरला खंडपीठापुढे उभं राहणाऱ्यांकडूनही येतो. दारूसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे गेलं आणि तसा कागद झाला, तर सनद राहील का? 'राहील' एवढं उत्तर पुरेसं आहे, पण त्या एका शब्दावर उपचाराला आलेला वकील मी पाहिलेला नाही. म्हणून एका वकीलसाहेबांची हकीकत. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं मोजक्या संवादांत आणलं आहे.

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं, वय चाळिशीच्या पुढे. पत्नीच घेऊन आल्या होत्या.

"पिऊन कोर्टात कधी उभा राहिलो नाही आपण," हे पहिलं वाक्य.

"रात्री किती होते?"

"दोन क्वार्टर. कधी कमी."

मी कागद पुढे ओढला. व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, दोनमध्ये 120. शरीर ताशी 7 ते 10 ग्रॅमच बाहेर काढतं. म्हणजे 12 ते 17 तास. रात्री आठला सुरुवात केली, तर हिशेब सकाळी आठ ते दुपारी एकच्या मध्ये कुठेतरी संपतो. अकराच्या पुकाऱ्याला रक्त कोरं असेलच असं नाही. वकीलसाहेबांनी तोच हिशेब स्वतःच्या पेनाने पुन्हा केला. वाद घालणं हे ज्यांचं पोट आहे त्यांच्याशी वाद घालू नये; आकडे समोर ठेवावेत आणि गप्प बसावं. माझी बरीचशी पद्धत एवढीच आहे आणि ती चालते.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी आहे, एकूण 40 गुणांची. 8 पासून पुढे धोका धरतात, 20 पासून पुढे शरीर दारूवर अवलंबून असण्याची शक्यता. यांचे 27 आले. तरीही तज्ज्ञांकडे जायला नकार. "औषध घेतो, पण चिठ्ठीवर नाव नको."

नाव का नको, ते तिसऱ्या भेटीत निघालं. घटस्फोटाच्या एका कामात त्यांनीच समोरच्या बाईंची मानसिक आजाराच्या गोळ्यांची चिठ्ठी कोर्टात दाखल केली होती. तिच्यावरून उलटतपास घेतला होता. "एका चिठ्ठीचं काय करता येतं, मला ठाऊक आहे मॅडम."

तेव्हा मला त्यांची भीती नीट कळली. लोक काय म्हणतील, हा त्यातला वरवरचा भाग. जे हत्यार आपण चालवलं, ते उद्या आपल्यावर चालेल, ही खरी भीती. अशा माणसाला धीर देऊन उपयोग नसतो. मी त्यांना एक काम दिलं: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 पक्षकाराची फाईल वाचावी तसा वाचून या.

पुढच्या वेळी खुणा केलेली प्रत घेऊन आले. कलम 2(1)(s): दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती या कायद्याखाली येतात. कलम 23: उपचाराची माहिती गोपनीय, ती देण्याचे अपवाद मोजके, जसं जीवाचा धोका किंवा उच्च न्यायालयासारख्या अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश. आणि कलम 3(5). ते त्यांनी मोठ्याने वाचलं. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी विकृतचित्त ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं.

बराच वेळ कागद हातात तसाच होता. "म्हणजे त्या बाईची चिठ्ठी..."

"हो."

"तेव्हा हे कलम समोरच्या वकिलाने काढलं असतं तर आपण खाली बसलो असतो." मग म्हणाले, "तज्ज्ञांची वेळ घ्या."

सनदेचं राहिलं. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिल कारवाई करतं ती गैरवर्तनासाठी. आजारपण आणि उपचार हे गैरवर्तन नव्हे. तारखेला हजर न राहणं, पक्षकाराचे पैसे अडकवणं, वास मारत युक्तिवाद करणं, यांची मात्र तक्रार होते, आणि उपचार टाळणारा माणूस त्याच वाटेवर असतो.

वहिनींनी बाहेर हळूच विचारलं, "डाळीत टाकायची पावडर मागवलीय. देऊ का?" अजिबात नाही. अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकतं. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीव जातो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि शेवटच्या पेगनंतर किमान 12 तास गेल्यावरच डॉक्टर देतात.

दुसरी चूक म्हणजे "उद्यापासून बंद" म्हणून घरातच सोडणं. रोज पिणाऱ्याला 6 ते 24 तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम. आपल्याकडे अशा वेळी ग्लुकोजचं सलाईन लावून घ्यायची फार हौस. थायमिन म्हणजे बी-1 आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. यांना आठवडाभर दाखल केलं. शरीर सावरल्यावर माझं काम सुरू झालं.

त्यांना रोजनामा लिहायला सांगितला, कोर्टातल्यासारखाच. तारीख, कोर्टात काय झालं, दुपारी जेवले का, तलफ किती वाजता, दहापैकी किती. भावना लिहायला सांगितलं की वकील मंडळी अडतात. नोंद करायला सांगितलं की लिहितात.

तीन आठवड्यांनी आम्ही वह्या चाळल्या. त्यांचा दावा होता की केस हरल्यावर पितो. हरलेल्या दिवशी तलफ चार-पाच होती. आठ-नऊ कधी? त्यांनीच बोट ठेवलं: "मॅटर पोहोचलं नाही. पुढची तारीख." रात्रभर उलटतपासाची तयारी, सकाळपासून अंग ताणलेलं, जेवण राहिलेलं, आणि साडेपाचला तारीख पडते. तो ताण कुठे खर्चच होत नाही.

"आपण हरल्यावर नाही, न लढता परतल्यावर पितो," ते म्हणाले. हे वाक्य मी सांगितलं असतं तर त्यांनी खोडून काढलं असतं.

उपाय मग साधे होते. दुपारी दोनला डबा, काहीही झालं तरी. तारीख पडली तर बार रूममध्ये न बसता चाळीस मिनिटं चालणं, मग ऑफिस. जामीन झाल्यावर पक्षकार ढाब्यावर नेतो, तिथेच फी हातात पडते. ती आता ऑफिसात, पावती देऊन. ढाब्याला एकच उत्तर पाठ: "डॉक्टरांनी बंद केलंय." चौथ्या महिन्यात एका लग्नात घेतली. दुसऱ्या सकाळी स्वतः फोन केला, रोजनाम्यात नोंद केली, तज्ज्ञांकडे गेले. एका रात्रीवर थांबलं.

हे फक्त ज्येष्ठांचं दुखणं समजू नये. अमेरिकेत सुमारे 12,800 वकिलांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 20.6 टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीवर होतं, आणि प्रमाण जास्त होतं ते व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांत. ज्युनियरला सीनियरच्या पार्टीत 'नाही' म्हणणं जड जातं, हे आपल्याकडेही दिसतं.

बोलण्यापासून सुरुवात करायची तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, व्यसनासाठी 14446, दोन्ही मोफत. दाखल व्हायचं तर उन्हाळी किंवा दिवाळीची सुटी सोयीची. मात्र मनोविकार विभागात सुटीच्या आदल्या आठवड्यात दाखवून दाखल होण्याची तारीख घ्या आणि रिमांडची कामं सहकाऱ्याकडे लेखी सोपवा. सुटी लागल्यावर ठरवायला बसलात तर पहिले चार दिवस त्यातच जातात.